बसून राहा, असं सांगितलं होतं

प्रुफं वाचणं हे माझं काम. गेली एकोणीस वर्षं दिवसाचे सहा-सात तास मी छापायला जाणारी अक्षरं पाहते आहे. त्या दिवशी समोर एका कादंबरीचं दुसरं प्रूफ होतं. पानाच्या मध्यावर एका ओळीत ‘आई’ हा शब्द आला आणि माझी नजर तिथेच थांबली. चूक काही नव्हती. काना जागेवर होता, ‘ई’च्या डोक्यावरचा फराटा नीट उमटला होता. पण तो शब्द माझ्यापर्यंत येईना. शिरोरेषेला टांगलेले दोन आकार दिसत होते, भोवतीचा पांढरा कागद दिसत होता, शाईची कड एका ठिकाणी किंचित फुटलेली होती तीही दिसत होती. अर्थ मात्र उतरत नव्हता. मी पुढचा शब्द पाहिला. त्याचंही तेच. मग सगळी ओळ तशीच झाली.

अशा वेळी माणूस घाबरतो. मला भीती वाटली नाही. आतून एक सपाट आवाज आला, ‘दिसतंय... दिसतंय.’

तो आवाज मला शिकवलेला होता. अकराच दिवसांपूर्वी मी सात दिवसांचं मौन शिबिर करून परतले होते. मनात जे उमटेल त्याला एका शब्दाचं नाव द्यायचं आणि सोडून द्यायचं, अशी ती साधना. आवाज आला तर ‘ऐकू येतंय’. गुडघा दुखला तर ‘दुखतंय’. आठवण आली तर ‘विचार, विचार’. त्यात गुंतायचं नाही, ते चांगलं की वाईट हे ठरवायचं नाही. सात दिवस, रोजचे नऊ-दहा तास मी हे केलं होतं आणि मला ते चांगलं जमलं होतं. इतकं चांगलं की आता ते थांबवता येत नव्हतं.

माइंडफुलनेसबद्दल, म्हणजे आत्ता जे घडतंय ते सजगपणे पाहण्याच्या या साधनेबद्दल, चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते खोटं लिहीत नाहीत. माझं पहिलं वर्षही चांगलंच गेलं. वडिलांच्या लांबलेल्या आजारपणानंतर माझी झोप उडाली होती. ते गेले, धावपळ संपली, तरी रात्री दोनला डोळे टक्क उघडायचे. कुणीतरी सुचवलं म्हणून आठ आठवड्यांचा वर्ग लावला. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ दुखणी असलेल्या रुग्णांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्याच धर्तीचा. पहिल्या दिवशी हातात एक मनुका दिली. ती पाच मिनिटं नुसती बघायची, बोटांत फिरवायची, हुंगायची आणि मग सावकाश चावायची. त्यानंतर आडवं पडून पावलांपासून टाळूपर्यंत अंगावरून लक्ष फिरवत न्यायचं. तिसऱ्या आठवड्यात मी सलग पाच तास झोपले. त्या सकाळी मला जे वाटलं त्याची मी आजही कृतज्ञ आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे त्याने ते पुसलं जाऊ नये.

पण मग मला वाटलं, वीस मिनिटांनी एवढं मिळतंय तर तासाभराने किती मिळेल. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. मग वर्षाच्या शेवटी शिबिर. आमच्यात साधना वाढवणारा माणूस कौतुकाचा धनी होतो. ‘किती वेळ बसतेस?’ या प्रश्नाला मोठा आकडा सांगताना बरं वाटतं. औषधाच्या बाबतीत असं आपण कधी म्हणत नाही. अर्ध्या गोळीने उतार पडला म्हणून कुणी तीन गोळ्या घेत नाही.

शिबिरात पहाटे साडेचारला उठायचं. फोन, पुस्तकं, वह्या पहिल्याच दिवशी जमा. बोलणं बंद, एकमेकांकडे पाहणंही शक्यतो नाही. पहिले तीन दिवस पाठ आणि गुडघे यांच्यातच गेले. चौथ्या दिवशी दुपारी श्वासाचं काहीतरी बिघडलं. इतका वेळ त्याच्यावर पहारा ठेवला होता की तो आपला आपण चालेना. प्रत्येक श्वास मला घ्यावा लागत होता. मी घेतला नाही तर येणार नाही, असं वाटायला लागलं. रात्री अंथरुणावर तेच. डोळा लागायला आला की श्वास थांबल्यासारखा व्हायचा आणि मी दचकून उठायचे. पाचव्या दिवशी पहाटे घंटा झाली तेव्हा मी मिनिटभरही झोपलेली नव्हते आणि ती घंटा कानात नाही, दातांत वाजल्यासारखी वाटली.

त्या दिवशी मार्गदर्शकांना भेटायची पाळी होती. प्रत्येकाला पाच मिनिटं. मी सगळं सांगितलं. छातीतली धडधड, झोप नाही, श्वास अडतो, आपल्याला वेड लागतंय असं वाटतं. ते मन लावून ऐकत होते. म्हणाले, “छान. खोलवरचं वर येतंय. त्याला विरोध करू नका. पळून जावंसं वाटेल, पण तुम्ही बसून राहा.”

ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल माया होती, हे मला अजून आठवतं. त्यांनी स्वतः हेच केलं असेल, त्यांच्या गुरूंनी त्यांना हेच सांगितलं असेल, आणि त्यांच्या बाबतीत ते निभावलं असेल. मी बसून राहिले. सहाव्या दिवशी भीती थांबली. तिच्याबरोबर बाकीचंही सगळं थांबलं. हात मांडीवर होते, पण ते माझेच आहेत याची खूण पटत नव्हती. काचेपलीकडून कुणीतरी जगाकडे बघतंय आणि ते बघणारं कोण हेही नक्की नाही. मला वाटलं, हीच ती समता, सुखदुःखात न डगमगणारं मन. समारोपाच्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं की मला खूप शांत वाटतंय.

घरी आल्यावर आठवड्याभरात एका संध्याकाळी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचं बोट दारात चेमटलं. मी पलीकडच्या खोलीत बसले होते. ती “आई!” म्हणून ओरडली. ती किंकाळी माझ्या कानावर पडली आणि आत नोंद झाली, ‘आवाज’. पुन्हा ओरडली. ‘आवाज’. मी बसलेलीच. किती वेळ? दोन सेकंद असतील, तीन असतील. मग शरीर उठलं, पाणी, बर्फ, सगळं रीतसर केलं. तिची करंगळी नखापाशी काळीनिळी पडली होती. ती हुंदके देत माझ्याकडे बघत होती, आणि तिला माझ्या चेहऱ्यात जे शोधायचं होतं ते तिथे नव्हतं. ते तिला कळलं. रडता रडता ती गप्प झाली आणि हात माझ्या हातातून काढून घेऊन तिने तो स्वतःच्या दुसऱ्या हातात धरला.

‘आई’ शब्दाचा तो प्रसंग याच्या चार दिवसांनंतरचा.

मी ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “रोज किती वेळ बसता?” दुसरा, “सलग जास्तीत जास्त किती?” तिसरा, “झोप?” एखाद्या औषधाची मात्रा विचारावी तसं विचारलं. त्या स्वराने मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे हे मोजता येतं. म्हणजे हे माझं आध्यात्मिक अपयश नाही आणि सिद्धीही नाही. आपण स्वतःपासून आणि आजूबाजूच्या जगापासून तुटून गेल्याची जी भावना असते तिला वैद्यकात नाव आहे, डीपर्सनलायझेशन आणि डीरियलायझेशन. त्या म्हणाल्या, “आजपासून बसणं बंद. श्वासाकडे बघणं बंद. नोंदी घेणंही बंद.” मी विचारलं, “मग मनात काही आलं तर काय करू?” त्या म्हणाल्या, “गुंता त्यात.”

पूर्ववत व्हायला मला पाच महिने लागले. त्या काळात मी वाचलं. सुरुवातीला एकाच हेतूने, की असं झालेली मी एकटीच आहे का.

एकटी नव्हते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांनी ध्यानामुळे त्रासदायक किंवा अनपेक्षित अनुभव आलेल्या साठ साधकांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. त्यांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एकोणसाठ प्रकारचे अनुभव नोंदवले आहेत. भीती आणि घबराट, झोप उडणं, आवाज आणि उजेड असह्य होणं, अंगाला झटके बसणं, भावना बोथट होणं, ‘मी’ची जाणीव विरून जाणं, अगदी भ्रमापर्यंत. ती यादी वाचताना मी पेन्सिलीने खुणा करत गेले आणि अकराव्या खुणेला थांबले. त्या लोकांत नवखे होते तसे वर्षानुवर्षं साधना केलेले, दुसऱ्यांना शिकवणारेही होते. ब्रिटन यांनी पुढे अशा साधकांना आधार देणारी ‘चीटा हाउस’ नावाची संस्थाच उभी केली.

प्रमाण किती, हा पुढचा प्रश्न. इथे मला घाई करायची नाही, कारण आकडे कसेही वापरता येतात. 2020 मध्ये मिगेल फरियास आणि सहकाऱ्यांनी त्र्याऐंशी अभ्यास एकत्र तपासले, मिळून 6703 माणसं. ध्यान करणाऱ्यांपैकी साधारण 8.3 टक्के लोकांना काही ना काही त्रास झालेला दिसला. सगळ्यात जास्त चिंता आणि नैराश्य. पण त्याच पाहणीत आतली फोड पाहिली तर प्रयोग म्हणून केलेल्या अभ्यासांत हे प्रमाण 3.7 टक्के येतं आणि निरीक्षणपर अभ्यासांत 33.2 टक्के. इतका फरक कसा? बरंचसं उत्तर विचारण्याच्या पद्धतीत आहे असं मला वाटतं. आपणहून कुणी सांगितलं तर लिहून घेऊ म्हटलं की थोडेच सांगतात. नेमकं विचारलं की सांगतात. मीही समारोपाच्या दिवशी ‘शांत वाटतंय’ असंच सांगितलं होतं.

ब्रिटन यांनी नंतर आठ आठवड्यांच्या वर्गातल्या शहाण्णव जणांना नेमकेपणाने विचारलं. 2021 च्या त्या अभ्यासात 58 टक्के लोकांनी ध्यानाशी जोडलेला निदान एक अप्रिय परिणाम सांगितला. टिकून राहिलेले वाईट परिणाम 6 ते 14 टक्क्यांत होते. या दोन आकड्यांमधलं अंतर महत्त्वाचं आहे. अस्वस्थ वाटणं म्हणजे इजा होणं नव्हे. व्यायाम सुरू केला की अंग दुखतं आणि पाय मोडतो, यांत जेवढा फरक तेवढा. आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्येच दाखवलं की साध्या आठ आठवड्यांच्या वर्गाला गेलेल्यांत बिघडलेल्यांचं प्रमाण, काहीच न केलेल्यांपेक्षा जास्त नव्हतं. वारंवार नैराश्य येणाऱ्यांसाठी याच पद्धतीवर बेतलेली उपचारपद्धती इंग्लंडमधल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत कित्येक वर्षांपासून आहे, ती उगाच नाही.

म्हणून मला कुणी विचारलं की ध्यान वाईट का, तर मी नाही म्हणते. पण ‘याचे दुष्परिणाम नाहीत’ असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. ज्या गोष्टीने मनावर इतका परिणाम होतो की जुनं नैराश्य परतत नाही, ती गोष्ट चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी, चुकीच्या मात्रेत काहीच करणार नाही, हे कसं शक्य आहे?

सगळ्यात जास्त मी हलले ते जुनं वाचून. संयुत्तनिकाय या जुन्या पाली बौद्ध ग्रंथात वैशालीची एक कथा आहे. बुद्धांनी भिक्खूंना शरीराच्या अशुभतेचं ध्यान करायला सांगितलं, त्याची स्तुती केली, आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेले. जेवण घेऊन येणाऱ्या एकाखेरीज कुणी भेटायला यायचं नाही असा आदेश होता. इकडे भिक्खू ते ध्यान मनापासून करत राहिले. स्वतःच्या देहाची त्यांना इतकी किळस आली की एकेका दिवशी दहा-दहा, वीस-वीस, तीस-तीस जणांनी आयुष्य संपवलं. एकांतातून बाहेर आल्यावर बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला विचारलं, संघ असा विरळ का दिसतोय? आनंदाने घडलं ते सांगितलं आणि विनंती केली की भगवंतांनी दुसरा एखादा मार्ग सांगावा. तेव्हा त्यांनी सगळ्यांना बोलावून आनापान शिकवलं, श्वासाचं ध्यान.

ही कथा मी किती वेळा वाचली असेन. या परंपरेने हे लपवलं नाही, अडीच हजार वर्षं जपून ठेवलं. आणि आनंद काय म्हणाला नाही, तेही मला महत्त्वाचं वाटतं. ते भिक्खू कच्चे होते, त्यांनी आणखी बसायला हवं होतं, असं तो म्हणाला नाही. पद्धत बदला, असं म्हणाला. आणि पद्धत बदलली गेली.

पुढेही जाणत्यांना हे ठाऊक होतं. पाचव्या शतकात बौद्ध भाष्यकार बुद्धघोषांनी विपश्यनेच्या वाटेवरच्या टप्प्यांची जी मांडणी केली तिच्यात भयञाण, आदीनवञाण, निब्बिदाञाण अशी नावं आहेत. भय, सगळ्यातला दोष दिसणं, उबग. पातंजल योगसूत्रांत चित्ताच्या विक्षेपांची यादी आहे आणि त्यांच्या सोबतीला येणारी लक्षणंही आहेत: दुःख, दौर्मनस्य, अंगमेजयत्व, श्वास-प्रश्वास. म्हणजे मन खचणं, अंगाला कंप, श्वासाचं बिघडणं. माझ्या चौथ्या दिवसाचं इतकं नेमकं वर्णन मी स्वतःही करू शकले नव्हते. जपानमध्ये अठराव्या शतकातल्या हाकुइन या झेन गुरूने आपल्या तरुणपणातल्या ‘झेन-आजारा’बद्दल लिहून ठेवलंय. अतिरेकी साधनेने त्याचं डोकं तापलं, पाय बर्फासारखे गार पडले, कानात सतत ओढ्यासारखा आवाज येऊ लागला. त्याच्यावरचा उपाय फार सुंदर आहे. डोक्यावर मऊ, सुगंधी लोण्याचा गोळा ठेवलाय आणि तो हळूहळू वितळत खांद्यांवरून, छातीवरून, थेट तळपायांपर्यंत ओघळतोय, अशी कल्पना करायची. लक्ष डोक्यातून खाली पायांत उतरवायचं. जास्त जोर लावायचा नाही, कमी करायचा.

ध्यान मठातून दवाखान्यात, दवाखान्यातून कचेरीत आणि तिथून फोनमधल्या ॲपमध्ये आलं, तेव्हा श्वास आला, बैठक आली, घंटेचा आवाजसुद्धा आला. हे इशारे मागे राहिले. आणि साधकाला वर्षानुवर्षं ओळखणारा गुरूही मागे राहिला. ॲपमधला आवाज ‘आता हळुवारपणे श्वासाकडे परत या’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याचा चेहरा त्याला दिसत नसतो.

हे होतं कसं, याबद्दल जे कळलं ते माझ्या शब्दांत सांगते. लक्ष हे भिंगासारखं आहे. ज्याच्यावर धरू ते मोठं दिसतं. ज्याला पॅनिकचे, म्हणजे अचानक घबराटीचे, झटके येतात त्याच्यासाठी श्वास आणि छातीची धडधड ही शांत, तटस्थ जागा नसतेच, तिथेच तर घात होतो. त्याला तिथे भिंग धरून अर्धा तास बसवलं तर काय होणार? शरीर सैल सोडायला लागलं की उलट चिंता उसळणारी माणसंही असतात, मानसशास्त्रज्ञांनी हे 1980 च्या दशकातच नोंदवलंय. ज्यांच्या अंगावर कधी काही गुदरलंय, लहानपणी मारहाण, अत्याचार, अपघात, त्यांनी ते कसंबसं मागे टाकलेलं असतं. डोळे मिटून ‘अंगातल्या संवेदना पाहा’ म्हटलं की ते सगळं तिथेच, अंगातच, वाट पाहत असतं. शांतता सगळ्यांना सुरक्षित वाटते असं आपण गृहीत धरतो. कित्येक घरांत शांतता म्हणजे आता काहीतरी होणार याची खूण असते.

माझ्या बाबतीत उलट टोक झालं. बाजूला होऊन बघण्याने थोडा वेळ बरं वाटतं, कारण दुखणं आणि आपण यांत अंतर पडतं. ते अंतर वाढत गेलं तर दुखण्याबरोबर मायाही पलीकडे राहते. वडील गेल्यावर मी रडले नव्हते. आता वाटतं, त्या वर्षभरात मी न रडण्याचाच सराव करत होते, आणि त्याला समता म्हणत होते.

झोपेचंही एक आहे, जे लोकांना पटत नाही. ध्यान म्हणजे विश्रांती असा समज आहे. ते जागं राहण्याचं शिक्षण आहे. थोडं केलं तर डोकं शांत होऊन झोप येते, फार केलं तर जागेपण इतकं धारदार होतं की झोप उडते, आणि शिबिरात हे उडणं प्रगतीचं लक्षण मानलं जातं. सलग तीन रात्री न झोपलेल्या माणसाला भास होऊ शकतात, मग तो साधक असो वा नसो. ज्यांना पूर्वी कधी उन्मादाचा किंवा सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा, झटका येऊन गेलाय त्यांच्यासाठी तर हे फार धोक्याचं आहे. शिबिराचा अर्ज भरताना अशा आजाराबद्दल विचारतात. पण तो रकाना भरताना माणूस खरं लिहीलच असं नाही, प्रवेश नाकारला जाईल ही भीती असते. त्या एका रकान्यावर किती विसंबायचं?

आणखी एक गोष्ट मला बोचते. माइंडफुलनेस आता वाटली जाते. कामाचा बोजा वाढला, माणसं खचली, की दुपारी अर्ध्या तासाचं सत्र ठेवतात. बोजा तसाच राहतो. ज्याला त्यातही शांत राहता येत नाही तो आपल्याच श्वासाशी झगडत बसतो आणि दोष स्वतःला देतो. राग ही कधीकधी खरी बातमी असते. अपराधी वाटणंही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत असं दिसलं की श्वासावरच्या ध्यानानंतर अपराधी भावना कमी होते आणि ज्याचं आपण नुकसान केलं त्याला भरपाई करण्याची इच्छाही त्याबरोबर कमी होते. दुसऱ्याबद्दल प्रेम, मैत्री जागवणाऱ्या ध्यानाने तसं होत नाही. हे वाचून मला आनंद झाला, कारण जुन्यांनी नुसतं पाहणंच नाही, मैत्री आणि करुणाही शिकवली होती.

मुलांचं तर मला सगळ्यात जास्त वाटतं. ब्रिटनमध्ये शाळांतून फार मोठा प्रयोग झाला, आठ हजारांहून जास्त मुलं, अकरा ते तेरा वयाची. 2022 मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांपेक्षा माइंडफुलनेस शिकलेल्या मुलांना काही फायदा झाला नाही. आधीच मनाने नाजूक असलेल्या मुलांच्या बाबतीत हे फारसं योग्य नाही, असंही संशोधकांना दिसलं. बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नाही. मला ती मुलं शहाणी वाटतात. वर्गात तीस जणांसोबत डोळे मिटून आपल्या आत बघ म्हणणं, आणि त्या मुलाच्या आत काय आहे हे कुणाला माहीत नसणं, याचा विचार करून माझ्या पोटात गोळा येतो.

बरी कशी झाले, ते थोडक्यात. डोळे उघडे ठेवले. भराभर चालले, इतकं की धाप लागावी. जड वस्तू उचलल्या, फरशी पुसली, कणीक मळली. माणसांत राहिले, विशेषतः फार बोलणाऱ्या माणसांत. एका रात्री वडिलांचा जुना चष्मा सापडला, त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, ती गाठ त्यांनीच मारलेली. मी ती गाठ बोटाने चाचपली आणि रडले. ‘रडतेय’ अशी नोंद झाली नाही. मुलगी उठून आली, शेजारी बसली, तिने काही विचारलं नाही. तेव्हा मला कळलं की मी परत आले आहे.

आता मी कधीकधी दहा मिनिटं बसते. रोज नाही. डोळे अर्धे उघडे, लक्ष तळपायांवर, श्वासावर नाही. हाकुइनचं लोणी आठवतं. नको वाटलं की उठते. उठण्याची परवानगी मला कुणी दिली नव्हती आणि मी ती मागितलीही नव्हती, हे आता आठवलं की वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला फोन आला. त्याच शिबिरात माझ्या शेजारच्या आसनावर बसलेली एक तरुण मुलगी. सात दिवसांत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो, समारोपाला फक्त नंबर घेतले होते. ती पुन्हा एका शिबिराला जाऊन आली होती. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, “ताई, एक विचारू? तुम्हाला कधी आपले हात आपले नाहीत असं वाटलं होतं का?”

मी विचारलं, “झोपतेस किती?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “चार दिवस नाही. सरांना विचारलं. ते म्हणाले, अगदी जवळ आली आहेस, आता उठू नकोस.”

“तू आत्ता कुठे आहेस?”

“आसनावर.”

“ऊठ,” मी म्हटलं. “दिवा लाव. घरात कोण आहे?”

“आई आहे. झोपलीय.”

“उठव तिला. मी फोनवर आहे.”

पलीकडे आसन सरकल्याचा आवाज आला, मग बटणाचा, मग अनवाणी पावलांचा. दार वाजलं. मी फोन कानाशी घट्ट धरून बसले होते, आणि तिने “आई” अशी हाक मारली ती मला नीट ऐकू आली.